अर्ध्या जिन्यावरचा निरोप

टकळीनं निरोपाचं बटण सहाव्यांदा दाबलं आणि कान यंत्राला लावला.

आधी नुसता श्वास. मग एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज, दर दोन शब्दांनी दम खाणारा.

“अहो, तुम्ही पायऱ्या सांगितल्याच नाहीत... मी इथं जिन्यात... अर्ध्यावर आलेय... आणि आता...”

मग काहीतरी पडलं. पडून गप्प बसलं नाही, खडखडत खाली खाली गेलं. त्यामागून “अगं बाई” असं पुसट ऐकू आलं आणि निरोप तुटला.

सहाही वेळा तो तिथंच तुटला होता. सातव्यांदा पुढचं ऐकू येईल असं काही नव्हतं, तरी टकळीचं बोट बटणाकडे गेलंच. यंत्राच्या इवल्याशा खिडकीत वेळ दिसत होती: शनिवार, संध्याकाळचे पाच बावन्न. आज रविवार, सकाळचे सात. म्हणजे मधे तेरा तास गेले होते. आणि यंत्र इतकं जुनं की फोन कुठल्या नंबरावरून आला ते सांगायची त्याला अक्कल नव्हती.

ही खोली शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे होती. खोली कसली, दार लावलेलं कपाटच. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. गेली एकोणीस वर्षं टकळीची आत्या इथून रोज सकाळी शहराला सांगत आली होती की आज कुठं काय आहे. कुठं गाणं, कुठं नाटक, कुठं चित्रं, कुणाचं व्याख्यान. ग्रंथालयाचा ठरलेला नंबर फिरवला की आत्या बोलायला लागायची, बरोबर चार मिनिटं, आणि नंतर ज्याला काही सांगायचं असेल त्याला अर्धं मिनिट. ज्यांना पेपरातली बारीक अक्षरं दिसत नाहीत, ज्यांच्या हातात मुलांनी मोबाइल ठेवलाय पण तो त्यांना फक्त उचलता आणि लावता येतो, अशी माणसं या नंबराची गिऱ्हाइकं.

दहा दिवसांपूर्वी आत्याच्या घशात दुर्बीण घालून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वरयंत्रावर बारीक गाठी आहेत, घाबरायचं कारण नाही, पण तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

“या घरात माझं वाक्य पहिल्यांदाच पूर्ण होणार,” बाबा म्हणाले होते.

आत्यानं वही काढून त्यांच्यापुढे धरली होती. ‘एकवीस दिवस. मोजून घे.’

मग आवाज कुणाचा, तर टकळीचा. हे नाव आत्यानंच पाडलेलं, भाची दोन वर्षांची असताना. गंमत म्हणजे ही टकळी फक्त घरात फिरायची. वर्गात बाईंनी उभं केलं की तिच्या घशाला कुलूप लागायचं, उत्तर येत असलं तरी. पण त्या कपाटाएवढ्या खोलीत समोर कुणीच नव्हतं. लाल दिवा लागला की ती बोलायची, आणि दिवसभरात दोन-अडीचशे माणसं ते ऐकायची. चौथ्या दिवशी तिनं वर्गात आपणहून हात वर केला. पाचव्या दिवशी दोनदा. सातव्या दिवशी बाई म्हणाल्या, “आता जरा दुसऱ्यांनाही बोलू दे.”

आठव्या दिवशी तिला शिंगं फुटली. तो शनिवार होता.

आत्याच्या यादीत दर कार्यक्रमापुढं एक रकाना असायचा. कुठलं दार उघडं असेल, कठडा कुठल्या हाताला, आणि पायऱ्या किती. आत्या प्रत्येक ठिकाणी आधीच फोन करून हे विचारायची, आणि ज्यांना सांगता यायचं नाही तिथं स्वतः जाऊन मोजून यायची. चार मिनिटांतलं सव्वा मिनिट त्यात जायचं. टकळीला वाटायचं, शहरात एवढं काय काय चाललंय आणि आपण मोजतोय काय, तर दगड. शनिवारी तिनं तो अख्खा रकाना गाळला आणि मोकळ्या झालेल्या वेळात आपल्या मनातलं बोलली.

“संध्याकाळी सहा वाजता जुन्या विमा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चार जणींचं वादन आहे. दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा एक व्हिओला आणि उभा धरून वाजवायचा सगळ्यात मोठा चेलो. आमच्या शाळेनं आम्हाला त्यांच्या तालमीला नेलं होतं. चेलो वाजतो ना, तेव्हा तो कानाला नंतर कळतो. आधी खुर्चीच्या पाठीतून आपल्या पाठीला कळतो. खोटं वाटत असेल तर जाऊन बसा.”

घरी आली तर आत्या चहाचा कप हातात धरून फोन ऐकत बसली होती. ऐकून झाल्यावर तिनं वहीत एकच शब्द लिहिला. ‘पायऱ्या?’

“आत्या, लोक काय जिना बघायला जातात का?”

बाबा हसले. आत्यानं पेन्सिल उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि वही मिटली. टकळीला तेव्हा वाटलं होतं, आपण जिंकलो.

आता तिनं यंत्राचं बटण सोडलं, रविवारची यादी समोर ओढली आणि लाल दिवा लावला. एकही पायरी न गाळता, प्रत्येक कठडा ज्या त्या हाताला ठेवत, तिनं यादी वाचली. मनातलं काहीही बोलली नाही. चार मिनिटांना पंधरा सेकंद कमी असताना ती संपली, आणि उरलेले पंधरा सेकंद यंत्रानं तिचा नुसता श्वास टिपला.

घरी न जाता ती थेट विमा इमारतीकडे गेली.

दारातल्या स्टुलावर वॉचमन शब्दकोडं सोडवत होता.

“काका, काल संध्याकाळी इथं तुम्हीच होता का?”

“काल दुसरा होता. तो आता परवा येणार.”

“त्यांना फोन लावता येईल?”

“सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचा फोन, दोघंही झोपलेले असतात.” त्यानं कोड्यावरून नजर वर केली. “काय हरवलंय?”

“एक आजी,” टकळी म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. निरोप, पडल्याचा आवाज, गाळलेला रकाना. वॉचमननं पेन कानामागं खोचलं.

“म्हणजे तू त्या पायऱ्यावाल्या बाईंची कोण? दर खेपेला फोन करून विचारतात, वाढल्या का हो पायऱ्या, म्हणून. मी म्हणतो, बाई, इमारत आहे, झाड नाही.”

“भाची,” टकळी म्हणाली. एरवी ती यावर खूप हसली असती.

वॉचमननं टेबलाच्या खणातून नोंदवही काढली आणि जाडजूड बोट ओळींवरून फिरवलं. “सहा पाचला सुरू. सात चाळीसला संपलं. दिवे बंद, खिडक्या बंद. हे बघ, जिन्याच्या पायथ्याशी एक काठी सापडली, ठेवून दिली.”

“आणि बाई?”

“बाईचं काही लिहिलेलं नाही.”

“कुणी पडलं तर लिहितात?”

“लिहायला पाहिजे.” त्यानं नोंदवही मिटली. “पण तो जरा आळशी आहे.”

काठी दारामागच्या कोपऱ्यात उभी होती. साधी, लाकडी, मुठीवरचा रंग हातानं घासून गेलेला, खालचं रबर नवं. टकळीनं ते नवं रबर बोटानं दाबून पाहिलं. ज्या बाईंनी काठीला नवं रबर बसवून घेतलं, त्या काठी टाकून स्वतःच्या पायांनी घरी कशा जातील?

ती जिना चढायला लागली. इथं ती आधी येऊन गेली होती, पण तेव्हा मैत्रिणींशी शर्यत लावून दोन-दोन पायऱ्या एकदम चढलेली. आज तिनं प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवले. पायऱ्या उंच होत्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. अठ्ठावीस झाल्यावर जिना वळला, आणि वळणावर भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. ती तिथं बसली. पंधरा वर्षांची मुलगी, पण खोटं कशाला बोला, दम तिलाही लागला होता. बाकावरून वरचं दार दिसत होतं. खालचा रस्ता दिसत नव्हता. पुढं आणखी वीस पायऱ्या. यादीत नुसतंच अठ्ठेचाळीस लिहिलेलं होतं, बाकाबद्दल काही नव्हतं.

तिनं बाकाखाली वाकून पाहिलं. काय सापडेल असं तिला वाटलं होतं कोण जाणे. काही नव्हतं.

घरी बाबा फोनवर होते. आत्याला बोलायला बंदी, म्हणून सोमवारपासूनच्या आठवड्याच्या यादीची विचारपूस त्यांच्या गळ्यात पडली होती, आणि आत्या शेजारी बसून पेन्सिलीनं पुढचा प्रश्न दाखवत होती.

“हो हो, पायऱ्याच,” बाबा फोनवर म्हणत होते. “नाही हो, जागा विकत नाही घ्यायची. चित्रं बघायला यायचंय. माझी बहीण विचारतेय. तिला का हवंय ते मला माहीत असतं तर मी सुखी झालो नसतो का?”

टकळी दारातच उभी राहिली. चपला काढायचंही तिला सुचलं नाही.

“आत्या, माझ्यामुळं कुणीतरी पडलंय.”

बाबांनी फोन ठेवला. टकळीनं तेच पुन्हा सांगितलं, वॉचमनला सांगितलं होतं त्यापेक्षा निम्म्या शब्दांत. शेवटी शेवटी आवाज फाटायला लागला, तेव्हा ती थांबली. आता आत्या वही उघडेल, कालचा ‘पायऱ्या?’ समोर धरेल, आणि ते बरोबरच असेल, असं वाटून तिनं खाली पाहिलं.

आत्यानं वही उघडली नाही. ती उठली, टकळीच्या हातातून ग्रंथालयाची किल्ली घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

रविवारी ग्रंथालय बंद असतं. तळघरात दोघींच्या पावलांचा आवाज मासिकांच्या गठ्ठ्यांत जिरून जात होता. आत्यानं निरोप एकदाच ऐकला, उभ्या उभ्या. मग खुर्चीत बसून लिहिलं.

‘ही “जमणार नाही” आहे.’

“म्हणजे कोण?”

‘नाव माहीत नाही. सहा वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा तरी निरोप असतो. “छान सांगितलंत, आज जमणार नाही.” तेवढंच.’

“आणि तू कधी नाव विचारलं नाहीस?”

आत्यानं मान हलवली. विचारणार कसं, त्या बोलायच्या तेव्हा खोलीत नुसतं यंत्र असायचं.

“आत्या, त्या पडल्या असतील का गं?”

आत्यानं पेन्सिल कागदावर टेकवली. अक्षर उमटलं नाही, टोकाखालचा ठिपका तेवढा मोठा होत गेला. बऱ्याच वेळानं तिनं त्या ठिपक्याच्या पुढं लिहिलं, ‘उद्या सकाळी लाइनवर विचार.’

“लाइनवर? पण कार्यक्रमांशिवाय एक शब्द बोलायची परवानगी नाही असं तूच म्हणाली होतीस.”

‘मी म्हणाले होते. उद्या बोलणारी मी नाही.’

सोमवारी टकळीला उठवावं लागलं नाही. सात वाजता लाल दिवा लागला, शाळेचा गणवेश घातलेली टकळी पुढं वाकली, आणि यादीच्याही आधी बोलली.

“ज्या आजी शनिवारी विमा इमारतीच्या जिन्यात अर्ध्यावर होत्या, त्यांनी कृपा करून आज फोन करावा. त्यांची काठी खाली वॉचमनकाकांकडे आहे. पायऱ्या सांगायला मी विसरले नव्हते, मी मुद्दाम गाळल्या. चूक माझी आहे. आता आजचे कार्यक्रम.”

मग दोघी बसून राहिल्या. आठ वाजता टकळीला शाळेसाठी निघायचं होतं. कुणी फोन लावला की यंत्रावर हिरवा ठिपका लागायचा, चार मिनिटं टिकायचा आणि विझायचा. एरवी या ठिपक्यांकडे कुणी बघत नसे. आज तेवढंच बघण्यासारखं होतं. सात अकराला पहिला निरोप आला.

“मी आजी नाही, आजोबा आहे,” एक घोगरा आवाज म्हणाला. “पण काठी कशी आहे? माझीही हरवलीय.”

सात चोवीसला कुणी काहीच बोललं नाही, नुसतं खोकून ठेवून दिलं. मग एक बाई म्हणाल्या की आजी सापडल्या की लाइनवर सांगा हं, आम्हाला घोर लागलाय. टकळीनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर पालथं ठेवलं.

सात एकेचाळीसला ठिपका विझला आणि यंत्रातून श्वास ऐकू आला.

“मी ती शनिवारची...”

टकळीनं रिसीव्हर असा उचलला की वायरीत अडकून यादी खाली पडली. आत्यानं पुढं होऊन स्पीकरचं बटण दाबलं.

“आजी, तुम्ही पडलात का?”

“अगं बाई. यंत्रात माणूस बसलंय होय?”

“मी आहे, फोनवरची. तुम्ही पडलात का, सांगा ना.”

“मी कशाला पडतेय? काठी पडली. इकडं काठी धरायला गेले तर तिकडं हातातला मोबाइल पडला, आणि तो तेव्हापासून मेलाच आहे. आज घरच्या फोनवरून बोलतेय.”

टकळी मासिकांच्या गठ्ठ्यावर बसली.  आत्यानं डोळे मिटून डोकं मागं टेकवलं, आणि भिंतीवरचा पुठ्ठ्याचा ट्रे हळूच चेपला गेला.

“ऐकतेयस का?” आजी म्हणाल्या.

“ऐकतेय.”

“पहिल्या वळणापर्यंत तुला मी पोटभर शिव्या दिल्या. ते आधी सांगून टाकते, मग मनात राहायला नको. बाकावर बसले, आणि म्हटलं, हिला फोन करून चांगली सुनावते. तेवढ्यात काठी गेली गडगडत. आता अर्ध्यावर बसलेलं माणूस, हातात काठी नाही, फोन नाही, करणार काय? आणि वर त्या पोरी तारा जुळवायला लागल्या. अजून वाजवत नव्हत्या हं, नुसत्या जुळवत होत्या. म्हटलं, खाली किती उतरायचं ते माहीत आहे. वर किती राहिलंय ते तर माहीत नाही. थोडंच असेल.”

“वीस,” टकळी म्हणाली.

“ते आता कळून काय करू? कठड्याला धरून गेले.”

“आणि चेलो?”

“पाठीला कळतो,” आजी म्हणाल्या. “बरोबर सांगितलंस. मी दोनदा मागं वळून बघितलं, कुणी खुर्चीला हात लावतंय की काय.”

टकळी हसली. शनिवारनंतर पहिल्यांदा, आणि आवाज स्पीकरमधून परत येऊन शिट्टीसारखा किंचाळला तेव्हा आणखी हसली.

“उतरताना त्या चेलोवालीनं धरलं. एका हातात तिचं ते एवढं मोठं खोकं, एका हातात मी. गाडीनं घरापर्यंत सोडलं. काठीची आठवणच राहिली नाही कुणाला. काल दिवसभर पाय सुजून पडून होते.”

“दुखतायत?”

“दुखतायत की. पण काहीतरी करून दुखतायत. नुसते दुखत नाहीत.” आजींनी श्वास घेतला. “ती नेहमीची बाई आजारी आहे का गं?”

टकळीनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं डोळे उघडले होते.

“बऱ्या आहेत. घसा बसलाय.”

“फार काळजीची बाई. सगळं सगळं सांगते. पण खरं सांगू का, ती अठ्ठेचाळीस म्हणाली की मी घातलेली चप्पल काढून ठेवते. तीस म्हणाली तरी काढते. हल्ली हल्ली तर दहालासुद्धा काढायला लागले होते. आकडा ऐकला की पाय आपोआप नाही म्हणतात. तू काहीच बोलली नाहीस, तर मी चप्पल काढलीच नाही. घरातून निघून रस्त्यावर आले, तेव्हा मला कळलं की आपण निघालोय.”

आत्याच्या हातात पेन्सिल होती. तिनं ती टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली. टकळीला कळेना, ऐकलेलं न ऐकलेलं कसं करायचं. स्पीकर बंद करायला उशीर झाला होता.

“आजी,” ती म्हणाली, “त्या इथंच बसल्यात. त्यांनी सगळं ऐकलं. बोलायची मनाई आहे त्यांना.”



“मग आधी नाही का सांगायचं, कार्टे,” आजी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज थोडा लांबून, थोडा नीट बसून बोलल्यासारखा आला. “बाई, ऐकताय ना? सहा वर्षं मी कुठं गेले नाही, पण कुठं काय चाललंय ते मला रोज माहीत होतं. शेजारच्यांना मीच सांगते. ते गेले की येऊन मला सांगतात. तेवढं तुमच्यामुळं. बाकीचं माझ्या पायांचं आणि माझं भांडण आहे, त्यात तुम्ही पडू नका.”

आत्यानं वही ओढली आणि भराभर लिहिलं. ‘गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकायला सांग. आणि काठी आज पोचवते म्हणावं, पत्ता विचार.’

टकळीनं ते वाचून दाखवलं.

“बघ, काळजीची आहे ती,” आजी म्हणाल्या. पत्ता त्यांनी दोनदा सांगितला, दार कुठल्या बाजूनं उघडतं ते धरून. मग म्हणाल्या, “बरं, या आठवड्यात चांगलं काय आहे ते सांग. शुक्रवारी माझे पाय बरे होतील. आणि हे बघ, पायऱ्या सांगू नकोस.”

टकळीनं पडलेली यादी उचलली. आत्यानं ती तिच्या हातातून घेतली, टेबलावर सरळ केली आणि शुक्रवारच्या ओळीवर बोट ठेवलं. जुन्या नाट्यगृहाची वरची माडी, सावल्यांचा खेळ, साडेपाच वाजता. मग आत्यानं डावा तळहात हळूच पुढं सरकवला आणि शेवटचा रकाना झाकला. पूर्ण झाकला, अंगठ्यासकट. तिनं टकळीकडं पाहिलं नाही.

“शुक्रवारी सावल्यांचा खेळ आहे,” टकळी म्हणाली. “जुन्या नाट्यगृहात. एक मोठा पांढरा पडदा असतो, आणि मागं दोनच माणसं. दोघांच्या हातांतून आख्खं जंगल तयार होतं म्हणे. मी अजून पाहिलेलं नाही, त्यामुळं खात्री देत नाही.”

“खात्री कोण मागतंय? मजला कितवा?”

आठ वाजायला पाच मिनिटं होती. टकळीनं आत्याच्या मनगटाला धरलं, जपून, झोपलेल्या माणसाचा हात बाजूला करतात तसं, आणि तो तळहात यादीवरून उचलला.

“आजी, बहात्तर आहेत,” ती म्हणाली. “कठडा उजव्या हाताला. मधे बसायला कुठं आहे का, ते यादीत नाही. मी आज शाळा सुटली की जाऊन बघून येते, आणि काठी घेऊन येईन तेव्हा तुम्हाला सांगते.”

  आत्या स्पीकरकडे बघत होती आणि टकळी आत्याकडे.

“बहात्तर,” आजी म्हणाल्या. “मग घरून किती वाजता निघावं लागेल?”